चौकट-किल्वरची दुरंगी पानं आणि दुसऱ्या बोलीला कोरडा पडणारा घसा

तक्रार ब्रिजमधली आहे, ती अशी. पानं उचलली, रंगवार लावली. इस्पिकचं एकच पान, बदामची तीन, चौकटची चार, किल्वरची पाच. बारा-तेरा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), म्हणजे पास करणंही जिवावर येतं. १ किल्वर ठेवलं, म्हणजे किल्वर हुकूम धरून सहा अधिक एक, सात हात करायची बोली. उजवीकडचा-डावीकडचा गप्प, आणि समोरून भिडू शांतपणे १ इस्पिक ठेवतो. नेमका तोच रंग, ज्याचं आपल्याकडे एकुलतं एक पान आहे. मग बिडिंग बॉक्सवर, म्हणजे बोलीच्या कार्डांच्या पेटीवर, हात अधांतरी राहतो, टेबलावरचे चौघेही समजून जातात की यांचं काहीतरी अडलंय, आणि आपण जे काही ठेवतो ते चुकतं.

हे एकदा झालं तर नशीब म्हणावं. आमच्या जोडीचं हे दर बुधवारी व्हायला लागलं तेव्हा मी हिशेब मांडला. तेरा पानांत ५-४-३-१ ही विभागणी साधारण १२.९ टक्के वेळा येते, ५-४-२-२ ही १०.६ टक्के. त्यातून पाच किल्वर आणि चार चौकट असेच हात वेगळे काढले तर सुमारे दोन टक्के उरतात, म्हणजे पन्नासात एक. आमच्याकडे संध्याकाळी २४ बोर्ड, म्हणजे डाव, होतात आणि भिडू दोन. म्हणजे ४८ हात. सरासरीने आमच्यापैकी एकाच्या वाट्याला हे झेंगट दर बुधवारी एकदा यायचंच. पॉइंट कमी असले की ते पासमध्ये लपतं, एवढंच.

थोडं जोडीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा भिडू म्हणजे बायकोचे मामा. फोर्टातल्या बँकेतून निवृत्त झालेले. कसारा लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते कुटण्यात त्यांची पहिली दहा वर्षं गेली, मग बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत ब्रिज लागलं ते कायमचं. मला ते अहो-जाहो करतात, जावई पडलो ना. त्यामुळे आमची भांडणंही मोठी अदबीची होतात. घरच्यांना ब्रिज म्हणजे सभ्य जुगार वाटायचा. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून बुधवारी उशीर झाला तरी कोणी बोलत नाही.

बिघाड नेमका कसा होतो

हा हात बघा. आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे दंड आणि बक्षीस दोन्ही मोठं असणाऱ्या बाजूला.

माझी पानं: इस्पिक ४, बदाम राजा, ८, ३, चौकट एक्का, राणी, ७, २, किल्वर राजा, गुलाम, ८, ५, ४.

तेरा पॉइंट. मी १ किल्वर, मामा १ इस्पिक. मी मनात म्हटलं, किल्वर पाचच आहेत, ते पुन्हा काय सांगायचे. नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय, म्हणावं तर इस्पिक एकच. चौकट चांगली आहे, तीच दाखवू. आणि २ चौकट ठेवलं.

मामांची पानं: इस्पिक राजा, राणी, ९, ६, ५, बदाम राणी, गुलाम, ४, चौकट ८, ३, किल्वर ९, ६, २. आठ पॉइंट. त्यांनी ३ नो ट्रम्प ठेवलं आणि आम्ही दोन डाऊन गेलो, म्हणजे बोलीला दोन हात कमी पडले. उणे २००. बाकी बहुतेक टेबलांवर २ किल्वर होऊन अधिक ९० लिहिले होते.

डाव संपल्यावर मामांनी माझी पानं पाकिटात जाण्याआधी उलगडून बघितली. "जावईबापू, सतरा कुठे आहेत?"

प्रश्न रास्त होता. १ किल्वरनंतर २ चौकट म्हणजे रिव्हर्स. भिडूला किल्वरवर परत यायचं असेल तर त्याला ३ किल्वरपर्यंत चढावं लागतं. त्याच्याकडे सहा पॉइंट असले तरी तिसऱ्या पातळीवर नऊ हात करायची जबाबदारी आपण त्याच्या डोक्यावर ठेवतो. तेवढं सामान आपल्याकडे हवं, म्हणून सतराची अट. मामांनी आठ अधिक सतरा पंचवीस मोजले, बदाम त्यांच्याकडे अडवलेला होता, ते गेमला, म्हणजे शंभर गुण भरणाऱ्या बोलीला, गेले. चूक शंभर टक्के माझी. रिव्हर्स काय असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. अडचणीत हात आपोआप त्या कार्डाकडे गेला.

आता याच चार-पाच पानांची उलट बाजू घ्या: पाच चौकट आणि चार किल्वर. काही त्रास नाही. १ चौकट, मग २ किल्वर, भिडूला आवडेल ते तो निवडतो, दुसऱ्या पातळीवरच राहून. पाच-पाच असले तरी तेच, १ चौकट आणि मग किल्वर, जमलं तर पुन्हा किल्वर. सगळा घोळ होतो तो खालचा रंग लांब आणि वरचा आखूड असला की. बोलीच्या शिडीत किल्वर सर्वांत खाली, त्यावर चौकट. लांब रंगाने सुरुवात केली की आखूड रंग दाखवायला एक पायरी जास्त लागते. आजार एवढाच आहे.

आम्ही आधी काय काय करून बघितलं

पहिला उपाय मामांचा. "असे हात सरळ १ चौकटने उघडा आणि २ किल्वर म्हणा. पाच-चार उलटे समजतील भिडूला, समजू देत." ऐकायला सोपं. दोन आठवड्यांनी हा हात आला:

इस्पिक ३, बदाम एक्का, ७, ४, चौकट राजा, गुलाम, ८, ५, किल्वर एक्का, ९, ६, ४, २.

मी आज्ञाधारकपणे १ चौकट, मामा १ इस्पिक, मी २ किल्वर. मामांकडे आठ पॉइंट, चौकट राणी आणि ३, किल्वर राजा, ५, ३. आणि मामांनी २ चौकट ठेवलं! पाच-तीनचा किल्वर फिट हातात असताना आम्ही चार-दोनच्या सहा हुकमांवर खेळलो. दोन डाऊन.

गंमत म्हणजे मामांची बोली पुस्तकी दृष्टीने बरोबर होती. १ चौकट आणि मग २ किल्वर यात ओपनरकडे, म्हणजे पहिली बोली देणाऱ्याकडे, अकरापासून सतरापर्यंत काहीही असू शकतं. आठ-नऊ पॉइंटांवर पास केलं तर गेम हुकेल म्हणून भिडू दोन पानांवरही पहिल्या रंगाला परत जातो, ओपनरला आणखी एक संधी मिळावी म्हणून. नेहमीच्या पाच चौकट-चार किल्वरवर ही खोटी पसंती शहाणपणाची आहे. पण आपणच पानं उलटी सांगितली असतील तर ती गळ्याशी येते. एका बाजूने नियम बदलला आणि समोरच्याने जुन्या नियमाने उत्तर दिलं, तर नियम बदललाच नाही असं समजायचं.

दुसरा उपाय माझा: सिस्टीमच बदलू. प्रिसिजन घेऊ. सी. सी. वेई यांची ही पद्धत १९६९ मध्ये तैवानच्या संघाला बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेली होती, मामांनी ती तरुणपणी खेळलेली. मामा हसले. प्रिसिजनमध्ये २ किल्वरने उघडायचं तर सहा किल्वर हवेत, किंवा पाच किल्वरबरोबर चार पानी मेजर, म्हणजे इस्पिक किंवा बदाम. पाच किल्वर-चार चौकट तिथेही १ चौकटच्या गाठोड्यात जातं, आणि त्या १ चौकटमध्ये चौकटची दोनच पानं असली तरी चालतं. घर बदललं तरी सासू तीच.

तिसरा उपाय दोघांचा: बारा पॉइंटांवर पास करून बघितलं. त्या संध्याकाळी आमचा निकाल काय लागला ते लिहीत नाही.

शेवटी कशाने सुटलं

बुधवारचा डाव संपला की आम्ही दादरहून स्लो लोकल पकडतो. मी मुलुंडला उतरतो, मामा ठाण्याला. त्या पाऊण तासात बरेचसे प्रश्न सुटतात, कारण गाडीत तिसरा कोणी मध्ये बोलत नाही. जुलैतली गोष्ट. शीवच्या पुढे पाण्यामुळे गाडी उभी राहिली. मामांनी स्कोअरच्या चिठ्ठीमागे माझाच हात लिहिला, १-३-४-५, आणि विचारलं, "समजा मी बदाम बोललो असतो तर?"

तर मी २ बदाम म्हटलं असतं. तीन पानं आणि बाहेर एक एकांडा रंग, दुसऱ्या पातळीपर्यंत उचलायला पुरेसं आहे.

"चौकट बोललो असतो तर?"

तर चौकटला उचललं असतं. चार आहेतच.

"१ नो ट्रम्प म्हटलं असतं तर?"

२ किल्वर, किंवा पास. फार फरक पडत नाही.

म्हणजे चारपैकी तीन उत्तरांवर १ किल्वर अगदी सुखाचं आहे. अडतं फक्त भिडू माझ्या एकांड्या रंगात बोलला की. तिथून आम्ही एकच सवय लावून घेतली: असा हात आला की बिडिंग बॉक्सला बोट लावण्याआधी स्वतःला विचारायचं, भिडूने नेमका माझा सिंगलटन बोलला तर मी काय ठेवणार? उत्तर असेल तर १ किल्वर. नसेल तर तेव्हाच, पहिल्याच बोलीला, दुसरा रस्ता धरायचा. दुसऱ्या बोलीला विचार करत बसलो तर उशीर झालेला असतो, शिवाय आपलं रेंगाळणं भिडूला बरंच काही सांगून जातं आणि त्याचा उपयोग करायला तो मोकळा नसतो.

हा प्रश्न विचारायला लागल्यावर हातांचे आपोआप गट पडले.

मेजर दोन-दोन असतील, म्हणजे २-२-४-५, तर प्रश्नच नाही. पंधरा ते सतरा असतील तर सरळ १ नो ट्रम्पने उघडा, मायनर, म्हणजे किल्वर-चौकट, दाखवायच्या भानगडीत पडूच नका. बारा ते चौदा असतील तर १ किल्वर आणि मग १ नो ट्रम्प. असे हात लोक उगाच दुरंगी म्हणून खेळतात. ते सपाट हातच आहेत, थोडे पोट सुटलेले.

एकांडं पान चित्र असेल, इस्पिक राजा किंवा एक्का, तर १ किल्वर आणि मग १ नो ट्रम्प, न लाजता. शुद्धतावादी लोक नाकं मुरडतात. मुरडू देत. भिडूने इस्पिक बोललेलं आहे, त्यात आपला राजा भर घालतो, आणि पेअर्समध्ये (जिथे त्याच पानांवर बाकीच्या जोड्यांशी तुलना होते) १ नो ट्रम्प ९० देतं तिथे २ किल्वरचं एक जास्त हात करूनही ९० च होतं.

एकांडं पान चिल्लर असेल तर किल्वरकडे बघा. इथे मामांचं माप आहे आणि ते मला पटलंय: पाच किल्वरमध्ये दोन चित्रं हवीत, किंवा एका चित्राबरोबर दश्शी-नश्शी. तसं असेल तर १ किल्वर आणि मग निमूट २ किल्वर. भिडू सहा समजेल, पाच निघतील, दोन चांगल्या पानांनी तो फरक भरून निघतो. माझा पहिला हात, राजा-गुलाम-८-५-४, याच गटातला. २ किल्वर म्हटलं असतं, मामांनी पास केलं असतं, अधिक ९०, आणि आम्ही पुढच्या टेबलावर गेलो असतो.

आणि किल्वर पोकळ, चौकट भरीव असेल, एक्का-९-६-४-२ विरुद्ध राजा-गुलाम-८-५ सारखं, तर १ चौकट आणि मग २ किल्वर. म्हणजे मामांचा उपाय चुकीचा नव्हता. तो सगळ्या हातांना लावला आणि समोरच्या बाजूला काही बदललं नाही, ही चूक होती. म्हणून त्याबरोबर भिडूचीही एक अट ठरवली: १ चौकट, १ इस्पिक, २ किल्वरनंतर त्याच्याकडे दोन चौकट आणि तीन किल्वर असतील आणि नऊपर्यंत पॉइंट असतील, तर पास. खोटी पसंती बंद. यात कधीतरी गेम हुकतो. गेल्या पावसाळ्यापासून दोनदा हुकलाय. चार-दोनच्या फिटवर बसून समोरच्यांचे हसरे चेहरे बघण्यापेक्षा तो तोटा मला परवडतो. तीन-तीन असतील तर मात्र चौकटला जायचं, कारण बहुतेक वेळा ओपनरकडे खरोखरच पाच चौकट असतात.

सतरा किंवा जास्त असतील तर रिव्हर्स हक्काने करा, पण भिडूला ब्रेक दिलाय का ते आधी बघा. आमच्याकडे रिव्हर्सनंतर २ नो ट्रम्प म्हणजे "माझ्याकडे काही नाही, ३ किल्वर म्हणा, मला थांबायचंय." लेबेनसोल म्हणतात त्याला. हे ठरलेलं नसेल तर रिव्हर्स करूच नका असं मी म्हणेन, कारण सहा पॉइंटवाल्या भिडूला थांबायला जागाच राहत नाही.

फार मोठे हात

याचं थोडक्यात. असा हात: इस्पिक एक्का, बदाम ६, चौकट एक्का, राजा, गुलाम, ९, ४, किल्वर एक्का, राणी, गुलाम, १०, ५, ३. एकोणीस पॉइंट आणि काय ती पानं! मामांचा हात २ किल्वरच्या जोरदार ओपनिंगकडे गेला. मग भिडूचं २ चौकट, त्यांचं ३ किल्वर, भिडूचं ३ बदाम, त्यांचं ४ चौकट. पाच बोल्या झाल्या, ३ नो ट्रम्प मागे पडलं आणि स्लॅमबद्दल, म्हणजे बारा-तेरा हातांच्या बोलीबद्दल, बोलायला जागा उरली नाही. दोन मायनर असलेला मोठा हात एकनेच उघडायचा. १ किल्वर, मग २ चौकट, मग ३ चौकट. चौकट दोनदा सांगितली म्हणजे ती पाच, आणि तरी सुरुवात किल्वरने केली म्हणजे किल्वर सहा. पूर्ण चित्र तिसऱ्या पातळीत. "सगळे पास झाले तर?" ही भीती निराधार आहे. आपल्याकडे मेजरची मिळून दोन पानं, बाकी तिघांत चोवीस. कोणी ना कोणी तोंड उघडतंच.

भिडूने १ नो ट्रम्प उघडलं आणि आपल्याकडे मायनर पाच-पाच

ही दुसरी मोठी गळती, आणि यात आमचं नुकसान जास्त झालंय, कारण यात चूक झाली हे कित्येकदा कळतही नाही. मामांनी १ नो ट्रम्प उघडलं, पंधरा ते सतरा. माझ्याकडे:

इस्पिक ७, बदाम ९, ५, चौकट एक्का, राणी, ८, ६, ४, किल्वर राजा, १०, ७, ५, ३.

नऊ पॉइंट. मी ३ नो ट्रम्प ठेवलं, जसं शंभरातले ऐंशी लोक ठेवतील. मामांची पानं: इस्पिक ९, ५, २, बदाम एक्का, राजा, ८, ४, चौकट राजा, गुलाम, ३, किल्वर एक्का, राणी, ६. पहिलीच उतारी इस्पिकची. समोरच्यांकडे नऊ इस्पिक, पाच-चार वाटलेले, पाच हात गेले, एक डाऊन, उणे १००.

आता तीच पानं पुन्हा बघा. चौकट हुकूम केली आणि दोन्ही मायनर तीन-दोन वाटलेले असले तर चौकटचे पाच, किल्वरचे पाच, बदामचे दोन. बारा हात! जातो तो इस्पिकचा एक. सव्वीस पॉइंटांत ६ चौकट, व्हल्नरेबल असताना १३७० चा स्लॅम, आणि आम्ही ३ नो ट्रम्पमध्ये एक डाऊन. मामांचे सतराच्या सतरा पॉइंट कामाचे, कारण त्यातला एकही इस्पिकमध्ये नाही. त्यांच्याकडे तेच सतरा असते पण त्यातले पाच इस्पिकच्या राजा-राणीत असते, तर ३ नो ट्रम्प लोण्यासारखं झालं असतं आणि स्लॅम मेला असता.

म्हणजे सांगायची गोष्ट "मला मायनर आहेत" एवढीच नाही. माझं आखूड कुठे आहे हे सांगायचंय, आणि मग भिडूने आपले पॉइंट तिथे वाया जातायत का ते बघायचंय. आमची आताची पद्धत: १ नो ट्रम्पवर २ इस्पिक म्हणजे दोन्ही मायनर. मायनर सूट स्टेमन हे त्याचं रूढ नाव. चार पानी मायनर असेल तर ओपनर तो सांगतो, नसेल तर २ नो ट्रम्प. मग ३ बदाम किंवा ३ इस्पिक म्हणजे त्या रंगात माझं एकच पान, किंवा तेही नाही, आणि निदान गेमपर्यंत जायचंय. वरच्या हातात १ नो ट्रम्प, २ इस्पिक, २ नो ट्रम्प, ३ इस्पिक. मामा आपले ९-५-२ बघून खूश. राजा-राणी-१० असती तर ३ नो ट्रम्प म्हणून मोकळे.

तुम्ही २ इस्पिक किल्वरच्या ट्रान्स्फरसाठी, म्हणजे भिडूला ३ किल्वर म्हणायला लावण्यासाठी, वापरत असाल तर तेही ठीक आहे, मग पाच-पाचसाठी ३ किल्वर-३ चौकट यांपैकी काहीतरी राखून ठेवा. कोणती बोली यापेक्षा ती कार्डावर लिहिलेली असणं आणि भिडूच्या डोक्यात असणं महत्त्वाचं. आम्ही रविवारी सकाळी ब्रिज बेस ऑनलाइनवर फक्त बोलीचा सराव करतो, पानं खेळतच नाही. मामा ठाण्यात, मी मुलुंडात, दोघांचा चहा आपापला.

पण पेअर्समध्ये मायनर सोडून ३ नो ट्रम्पकडेच पळायचं ना?

बहुतेक वेळा हो. मायनरच्या एका हाताला वीस गुण, मेजरला तीस, नो ट्रम्पला पहिल्याला चाळीस आणि पुढे तीस. शंभर भरायला मायनरमध्ये अकरा हात लागतात, नो ट्रम्पमध्ये नऊ. व्हल्नरेबल नसताना ५ चौकट करून ४००, आणि ३ नो ट्रम्पमध्ये दहा हात करून ४३०. पेअर्समध्ये त्या तीस गुणांत अर्धा हॉल आपल्या पुढे जातो. म्हणून चार-पाच असलेल्या सपाट हातांवर माझीही धाव ३ नो ट्रम्पकडेच असते. पण एका मेजरमध्ये एकांडं पान आणि समोर त्याच रंगात चिल्लर असेल, तर तीस गुणांच्या मोहात शंभर घालवू नयेत. टीमच्या सामन्यात तर ४०० आणि ४३० यात फक्त एक इम्प, म्हणजे टीमच्या हिशेबातला एक गुण, तिथे ५ मायनर निर्धास्त बोला.

समोरच्याने उघडल्यावरचं २ नो ट्रम्प

समोरून १ इस्पिक आलं, आपण २ नो ट्रम्प ठेवलं, म्हणजे दोन्ही मायनर, निदान पाच-पाच. ही बोली शिकली की माणसाला ती वापरायची खाज सुटते. मला सुटली होती. आम्ही व्हल्नरेबल, ते नाही, माझ्याकडे इस्पिक ८. बदाम ७, ५. चौकट राजा, ९, ६, ४, २. किल्वर राणी, ८, ७, ५, ३. ठेवलं २ नो ट्रम्प. मामांना ३ चौकट म्हणावं लागलं, समोरून दंड वाढवणारं डबल आलं, तीन डाऊन, उणे ८००. त्यांचा ४ इस्पिकचा गेम झाला असता तर ४२० गेले असते.

आता: व्हल्नरेबल असताना पाचही पानं अंग असलेली हवीत, गुलाम-दश्शी-नश्शी आत हवी, नाहीतर गप्प. आणि हात एकतर कमजोर किंवा खूप तगडा, मधल्या तेरा-चौदाच्या हातावर साधा ओव्हरकॉल (त्यांच्या बोलीवर आपला एकच रंग सांगणं), कारण मधल्या हातावर पुढे बोलायचं की नाही हे भिडूला कधीच कळत नाही. शिवाय डाव त्यांनी घेतला तर आपण आपली दहा पानं त्यांना सांगून बसलेलो असतो, फिनेस (मोठं पान कोणाकडे आहे याचा अंदाज धरून खेळणं) कुणीकडे घ्यायचा हे ते आपल्यालाच विचारून घेतात जणू.

आणखी एक बारीक खड्डा. समोरून १ किल्वर उघडलं तर २ नो ट्रम्प म्हणजे न बोललेल्यांपैकी खालचे दोन रंग, चौकट आणि बदाम. मामा त्याला दोन मायनर समजून बसले होते आणि माझ्या बदामच्या पाच पानांसमोर आपले चार बदाम झाकून ४ किल्वर म्हणाले होते. दोघांनी एकदा मोठ्याने म्हणून घ्या.

अजून न सुटलेलं

पंधरा-सोळा पॉइंट आणि १-३-४-५. २ किल्वर म्हटलं तर हात दबतो, रिव्हर्स केला तर चढतो, १ नो ट्रम्पने उघडावं तर एकांडं पान. माझं म्हणणं, पंधराला २ किल्वर, सोळाला रिव्हर्स आणि देवाचं नाव. मामांचं म्हणणं, पॉइंट मोजू नका, पानं बघा. गेल्या बुधवारी नाहूरपासून हाच वाद चालू होता. मुलुंडला मी उतरलो, गाडी हलली, आणि मामा दाराच्या दांड्याला धरून ओरडले, "जावईबापू, किल्वरला दश्शी असेल तरच रिव्हर्स!" फलाटावरच्या दोघांनी वळून बघितलं.